अर्धा सूर वर

“छान झालंय,” एमीबाई म्हणाल्या आणि मी दचकलेच.

शाळेत जायला लागल्यापासून ते लग्न होईपर्यंत मी त्यांच्याकडे पियानो शिकले. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून ‘छान’ हा शब्द ऐकला तो कुणाच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला, नाहीतर लिलीमावशींच्या मटणाला. वाजवणाऱ्याला त्यांनी कधी छान म्हटलं नाही. अगदीच खूश असल्या तर ‘बरंय’. एरवी, “हे मनगट कुणाचं? तुझंच ना? मग उचल की!”

“छान म्हणजे कसं, बाई?” मी विचारलं.

“छान म्हणजे छान. सगळे नीट वाजवतात.” माझ्याकडे न बघताच त्या उठायला लागल्या. डाव्या हातात काठी, उजवा हात शालीत. “लिली, चल. घरी जायचंय मला.”

“पण चेलो जड नाही ना होत? मधल्या भागात व्हायोला? आणि बाई, तुम्ही वाजवायचात तस्संच ठेवलंय हं मी. तस्संच.”

त्या थांबल्या. माझ्या तोंडाकडे इतका वेळ बघत राहिल्या, की मला वाटलं, आला आता दट्ट्या. पण त्यांनी एवढंच विचारलं, “तस्संच?”

“अगदी.”

“हं,” म्हणाल्या आणि लिलीमावशींच्या आधाराने हॉलच्या दाराकडे निघाल्या.

पुण्यात कँपातल्या एका चर्चचा तो हॉल. रविवारची सकाळ, आमची शेवटची तालीम नुकतीच संपली होती आणि संध्याकाळी सहाला कार्यक्रम होता. आमचा ऑर्केस्ट्रा म्हणजे सगळी हौशी मंडळी. कुणी बँकेत, कुणी शाळेत, एक निवृत्त पोस्टमास्तर, आणि समोर उभं राहून काठी हलवत सगळ्यांना ताल दाखवायला दातांचे डॉक्टर नरिमन करकरिया. वाद्यं सगळी गजाची: व्हायोलिन, त्याहून थोडा मोठा नि खालच्या आवाजाचा व्हायोला, बसून गुडघ्यांत धरायचा चेलो आणि मागे उभं राहून वाजवायचा तो धिप्पाड डबल बास. मी व्हायोलाच्या पहिल्या खुर्चीवर. मी पियानो शिकले खरी, पण पियानो घेऊन ऑर्केस्ट्रात बसता येत नाही, म्हणून पुढे व्हायोला धरला.

एमीबाईंना आदल्या पावसाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, बोलणं परत आलं, काठी घेऊन चालायलाही लागल्या. उजवा हात मात्र गेला. त्या दिवसापासून त्यांनी पियानोवर जी चादर घातली ती घातलीच. रेडिओवर पियानो लागला तरी, “लिली, बंद कर ते.” चर्चला जाईनात, कारण तिथे त्यांच्या जागी दुसरं कुणी वाजवायला बसायचं. शिकायला येणाऱ्या मुलांना परत पाठवलं. लिलीमावशी त्यांची धाकटी बहीण, दोघी बिनलग्नाच्या, एकाच घरात राहणाऱ्या. त्यांनी मला एकदा भाजीबाजारात गाठून सांगितलं, “रूथ, ती दिवसभर भिंतीकडे बघून असते गं. माझ्याच्याने बघवत नाही. तू तिची लाडकी. काहीतरी कर.”

लाडकी म्हणे! लाडक्यांनाच जास्त बोलणी बसायची. पण मी रात्रंदिवस तोच विचार करत सुटले आणि मला सुचलं, की पियानो ऐकला की बाईंना आपला हात आठवतो. व्हायोलिन ऐकून कुणाचा हात आठवायचाय? मग त्यांचा सगळ्यात आवडता तुकडा उचलून तंतुवाद्यांना दिला तर? शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका जर्मन माणसाने म्हातारपणी लिहिलेला, संथ, उदास, आणि मध्येच ऊन पडल्यासारखा. बाई तो कुणाला शिकवायच्या नाहीत. शिकवणी संपली, की आम्ही चपला घालत असताना स्वतःसाठी वाजवायच्या आणि आम्ही मुद्दाम चपलेचा पट्टा लावत बसायचो.

काम म्हटलं तर सोपं आणि म्हटलं तर डोकं पिकवणारं. पियानोत दहा बोटं आणि पायाखाली पेडल. पेडल दाबलं, की मागचे सूर पुढच्या सुरांत विरघळत राहतात. व्हायोलिनला कुठलं आलंय पेडल! म्हणजे कुठला सूर कुणी किती वेळ धरून ठेवायचा ते मलाच ठरवून लिहायला हवं. डावा हात खालून वर उड्या मारतो, तर ती उडी तिघांत वाटायची. तळ बासला, मधलं चेलोला, वरचं टोक आम्हा व्हायोलांना, आणि कुठेही सांधा दिसता कामा नये. पुन्हा पियानोचा सूर वाजल्याक्षणी मरायला लागतो, गजाचा सूर फुगतो. जिथे बाई हळूच हात काढून घ्यायच्या तिथे आमचे बँकवाले जोर लावायचे. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. ख्रिसमस आला, गेला, तरी मी खोडतच होते.

आणि हे सगळं करून काय, तर छान!

घरी येऊन जेवायला बसले. छान म्हणजे आवडलं नाही, हे मला कळत होतं. पण आवडलं नाही तर बाई बोलत का नाहीत? चारचौघांत, डॉक्टरांसमोर, “रूथ, हा काय चिखल केलायस?” असं विचारायला त्यांनी कधी मागेपुढे पाहिलं होतं? मी ताट तसंच झाकून ठेवलं, लूनाला किक मारली आणि बाईंच्या घरी गेले.

दार लिलीमावशींनी उघडलं. डोळे लाल.

“बरं झालं आलीस. घरी आल्यापासून तोंडातून शब्द नाही. आणि मघाशी काय म्हणते, उद्या चर्चच्या पाळकसाहेबांना फोन कर, पियानो घेऊन जायला सांग. ज्याला हवा त्याला देऊन टाका.”

“पियानो?”

“आईचा पियानो! आमच्या आईने मिशनच्या मडमेकडून घेतलेला! मी म्हटलं, एमी, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? तर म्हणते, नाही.”

 मी तंतुवाद्यांचं सोंग आणलं नसतं, तर निदान तो पियानो चादरीखाली तरी राहिला असता. आता माझ्यामुळे तोही चालला.

बाई आतल्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. मी समोर मोढ्यावर बसले. त्यांनी बसही म्हटलं नाही.

“बाई, काय चुकलं ते सांगा ना. तुम्ही ओरडलात तर चालेल मला. हे असलं गप्प बसणं नाही सोसत.”

“तुझं काही चुकलं नाही.”

“मग?”

त्या खिडकीकडे वळल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, शेजाऱ्यांची वाळत घातलेली चादर होती.

“रूथ, हात गेला ते मी सोसलं,” त्या म्हणाल्या. “देवाने दिला, देवाने नेला, म्हटलं. मनात तरी वाजवता येतं. चादर घातली ना पियानोवर, तरी रोज सकाळी मी मनात सगळं वाजवते. लिलीला नाही सांगितलं. एकही सूर चुकत नाही. म्हटलं, हे तर कुणी नेत नाही ना.”

“मग बाई...”

“आज तुम्ही सुरुवात केलीत आणि मला सगळं खोटं ऐकू आलं. पहिल्या सुरापासून. डी-फ्लॅट हवा तिथे मला डी ऐकू येत होता. सगळंच वर. शेवटपर्यंत. मी डोळे मिटले, दुसऱ्या कानाने ऐकलं, काही उपयोग नाही.” त्यांनी डाव्या हाताने शाल ओढून घेतली. “कान गेले गं माझे. हाताबरोबर तेही गेले होते आणि मला पत्ताच नव्हता. आता मनात वाजवते ते तरी खरं कशावरून?”

आणि बाई रडायला लागल्या. एमीबाई चक्रनारायण! ज्यांच्या भीतीने पाळकसाहेबसुद्धा गाणं खालच्या पट्टीत सुरू करायला घाबरायचे, त्या माझ्यासमोर डाव्या हाताच्या मनगटाने डोळे पुसत होत्या.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला क्षणभर लागला, आणि पडला तेव्हा मी मोढ्यावरून उठलेच.

“अहो बाई! पट्टी बदललीय मी!”

“काय?”

“काळी एकवरून पांढरी दोनवर नेलंय सगळं! अर्धा सूर वर! डी-फ्लॅटला पाच फ्लॅट येतात बाई, आमच्या लोकांना ते कुठले झेपायला! मोकळी तार जवळपास लागतच नाही, सगळे बेसूर होतात. डीमध्ये दोनच शार्प. तुम्हाला जे ऐकू आलं ना, तेच वाजत होतं! डीच वाजत होता!”

आजही सांगते, पट्टी बदलली त्यात माझं काडीचंही चुकलं नव्हतं. काळी एकमध्ये पाच सूर उतरवून, म्हणजे फ्लॅट, वाजवावे लागतात, पांढरी दोनमध्ये दोनच चढवून, म्हणजे शार्प; गजाच्या वाद्यांसाठी लिहिणारे सर्रास असं करतात. चांगलं वाजावं म्हणून करतात. आणि ऐकणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णवांना फरक कळतही नाही. माझ्या डोक्यात तो इतका साधा व्यवहार होता, की बाईंना सांगायचं सुचलंही नाही.

मला वाटलं, आता त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे मायेने बघितलं, जे त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं, आणि मी आणखीच घाबरले.

“लहानपणी तुला खोटं बोलता यायचं नाही,” त्या म्हणाल्या. “सराव केला नसला की लगेच कळायचं. आता चांगलं जमतं तुला. माझ्यासाठी बोलतेस, कळतं मला.”

“देवाशप्पथ, बाई!”

“सकाळीच म्हणालीस ना, तस्संच आहे म्हणून? शपथ घेऊ नकोस. जा तू. संध्याकाळी कार्यक्रम आहे तुझा.”

काय करू आता? डोकं आपटून घेऊ? कागद दाखवले असते, तर म्हणाल्या असत्या, डोळेही गेले. मी बाहेरच्या खोलीत गेले आणि पियानोवरची चादर खेचली. लिलीमावशी स्वयंपाकघरातून धावत आल्या. “अगं, अगं, ती चिडेल!”

“चिडू दे! चिडायलाच हवंय!” मी म्हटलं आणि झाकण उघडलं. आतून बाईंना ऐकू येईल अशा आवाजात ओरडले, “बाई, हा कुठला?” आणि एक सूर दाबला.

लहानपणी त्या आम्हाला भिंतीकडे तोंड करून उभं करायच्या आणि असंच विचारायच्या. चुकलं की पुन्हा भिंत. आता मी विचारत होते.  मी तोच सूर पुन्हा दाबला.

“बंद कर,” आतून आवाज आला.

“कुठला, बाई?”

“रूथ, मी सांगते बंद कर!”

“तुम्ही सांगा, मग करते. येत नसेल तर तसं सांगा.”

हे मी कसं बोलले देव जाणे. लिलीमावशींनी तोंडाला पदर लावला.  मग अगदी हळू, परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा आवाज आला. “एफ.”

बरोबर होतं. मी दुसरा दाबला.

“बी-फ्लॅट.”

तिसरा.

“डी. डीच आहे ना? डी.”

मग मी एकदम चार सूर दाबले, वेडेवाकडे, कुठल्याही गाण्यात एकत्र न येणारे. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, काठी टेकल्याचा आवाज झाला. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. डोळे अजून ओले होते, पण कपाळावर ती जुनी आठी आली होती.

“सी, एफ-शार्प, जी, आणि वर ए-फ्लॅट. आणि तो ए-फ्लॅट उतरलाय. लिली, ट्यूनरला का नाही बोलावलं?”

“तूच नको म्हणालीस!” लिलीमावशी म्हणाल्या आणि हुंदका देऊन हसायला लागल्या.

मी पियानोवर त्या तुकड्याच्या पहिल्या ओळी वाजवल्या, आधी काळी एकमध्ये, मग पांढरी दोनमध्ये. “सकाळी ऐकलंत ते हे दुसरं. बरोबर?”

बाई काठीवर रेलून ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा सैल पडला. दाराच्या चौकटीला खांदा टेकवला. मला वाटलं, आता जवळ घेतात की काय.

“पाच फ्लॅट झेपत नाहीत म्हणून?” त्या म्हणाल्या.

“हो, म्हणजे, बाई...”

“पाच फ्लॅट झेपत नाहीत म्हणून तू त्या माणसाचं सगळं उजेडात आणून ठेवलंस? अगं, ते सावलीतलं आहे! डीमध्ये ते लग्नाची वरात वाटतं! तू तेरा वर्षांची असताना पाच फ्लॅट वाजवत होतीस, आणि हे घोडे, बँकेत नोटा मोजतात, त्यांना पाच मोजता येत नाहीत? मला विचारलंस? एका शब्दाने विचारलंस?”

मग जे सुरू झालं ते काय सांगू! माझं मनगट निघालं, माझा आळस निघाला, करकरिया डॉक्टरांची काठी धरायची पद्धत निघाली. मी मान खाली घालून उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं. लिलीमावशी चहा ठेवायला गेल्या, त्या गुणगुणत गेल्या.

पण बाई थांबेनात. “मी संध्याकाळी येणार आहे. आणि मला ते डी-फ्लॅटमध्ये ऐकायचंय.”

सुख तिथेच संपलं. “बाई, आता? कागद पांढरी दोनचे आहेत. सगळ्यांचे कागद नव्याने लिहायचे, त्यांनी ते वाजवायचे... कार्यक्रम तोंडावर आलाय!”

“मला काय माहीत. तुमच्या वाद्यांच्या खुंट्या वरच पिळतात का? खाली नाही पिळत?”

रागाच्या भरात बोलून गेल्या, पण मी तिथेच थबकले. खुंट्या! कागद तेच ठेवायचे, बोटंही तिथेच ठेवायची, पण प्रत्येक वाद्याच्या चारही तारा अर्धा सूर उतरवायच्या. वाचायचं पांढरी दोन, वाजणार काळी एक.

हॉलवर पोचले तर डॉक्टर करकरिया खुर्च्या मांडून घेत होते. त्यांना सांगितलं तर ते खुर्चीवर बसलेच.

“अरे रूथ, तू मला मारनार काय? तीस लोक! कार्यक्रमाच्या मधे तारा सैल करनार? आणि सैल केलेली तार गप्प बसते काय? ती हळूहळू वर चढते. प्रत्येकाची वेगळी चढली तर? मांजरांची भांडनं ऐकायला लोक येनार?”

ते खरंच होतं. तार वर्षानुवर्षं एका ताणाला सवयीची झालेली असते. अर्ध्या तुकड्यात ती सरकायला लागली, तर सगळ्यांचा सत्यानाश, आणि तोही बाईंच्या समोर. आज सकाळी त्यांना कान गेल्यासारखं वाटलं, संध्याकाळी खरोखरच बेसूर ऐकवलं तर त्या काय समजतील? पुन्हा घरी जाऊन चादर घालतील. कागद होते तसे वाजवले तर निदान सुरात तरी होतील. मी एकदा म्हटलं, जाऊ दे, राहू दे. मग बाईंचा दारातला चेहरा आठवला आणि म्हटलं, नाही.

“शेवटी ठेवू, डॉक्टर. चहाच्या सुट्टीत उतरवू आणि थोडा वेळ वाजवून बसवून घेऊ. मी तुमच्या पाया पडते.”

मागे ब्रिट्टो आपल्या डबल बासच्या गजाला राळ चोळत होते. साठी उलटलेले, पूर्वी पोलीस बँडमध्ये होते. तेही लहानपणी एमीबाईंकडे शिकले होते आणि हाकलले गेले होते. “डॉक्टर, करू या ना,” ते म्हणाले. “माझ्या तारा अशाही सैलच असतात, तुम्हीच रोज म्हणता.”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “बिघडलं तर मी सांगनार, ही बाई जबाबदार.”

“सांगा,” मी म्हटलं.

सहाला हॉल भरला. पहिला भाग काय वाजवला मला आजही आठवत नाही. बाई पहिल्या रांगेत, लिलीमावशी शेजारी. चहाची सुट्टी झाली, लोक बाहेर गेले, आणि आम्ही खुंट्यांना हात घातला. हॉलच्या कोपऱ्यात चर्चचा पियानो होता. मी धावत जाऊन त्यावर ए-फ्लॅट, आपली काळी चार, दाबायची आणि धावत येऊन आपला व्हायोला लावायची. तोवर पियानोचा सूर विरलेला. पुन्हा धावायची. सगळे एकदम लावत होते, कुणालाच कुणाचं ऐकू येत नव्हतं. पोस्टमास्तर म्हणत होते, “माझी वर गेली.” बँकवाले म्हणत होते, “कुठला सूर, पुन्हा द्या.” पुन्हा दिला, की आधीच्यांची तार सरकलेली. खरोखर मांजरं! लोक चहा घेऊन परत यायला लागले. डॉक्टर माझ्याकडे असे बघत होते, की माझे सगळे दात त्यांनी मनातल्या मनात उपटले असावेत. माझे तळहात घामाने भिजले, खुंटी हातातून निसटायला लागली. संपलं, म्हटलं. काय दुर्बुद्धी सुचली मला!

“सरक.”

मी मागे बघितलं. एमीबाई काठी टेकत टेकत पियानोपर्यंत आल्या होत्या. लिलीमावशी मागे, धरायला हात पुढे केलेला, पण बाईंनी तो धरलेला नव्हता.

“बाई, तुम्ही...”

“सरक म्हणते ना. जाऊन आपल्या जागी बस. धावते काय नुसती, शेळीसारखी!”

त्या बाकावर बसल्या. काठी पियानोला टेकवून ठेवली. डावा हात उचलला, आणि तो पट्ट्यांच्या वर थांबला.  मग त्यांनी ए-फ्लॅट दाबला. एक बोट, सरळ, जोरकस.

“सगळे गप्प!” त्या म्हणाल्या, आणि सगळे गप्प झाले, बाहेरून आलेले चहावालेसुद्धा. “एकदम नाही लावायचं. आधी बास. ब्रिट्टो, खाली ये. अजून. थांब! आता चेलो.”

एकेक रांग घेतली. सूर देत होत्या, ऐकत होत्या, देत होत्या. “तिसऱ्या रांगेत निळा शर्ट, तू वर आहेस. नाही, तू नाही, तुझ्या शेजारचा. हं. रूथ, तुझी खालची तार बघ.” मी बघितली. किंचित वर होती, मला स्वतःला कळलं नव्हतं. दोनदा सगळी फेरी केली, सरकलेल्या तारा पुन्हा खाली आणल्या. हॉलमध्ये लोक बसून हे सगळं बघत होते आणि कुणी खोकतही नव्हतं. शेवटी सगळ्यांनी मिळून तो एक सूर धरला, आणि तो एकच होता.

“आता वाजवा,” बाई म्हणाल्या. “तारा चढायच्या आत.”

परत जागेवर जायला वेळच नव्हता. त्या तिथेच, पियानोच्या बाकावर बसून राहिल्या.

आम्ही वाजवलं. तारा सैल झाल्यामुळे आवाज खोल गेला होता, जरा घोगरा, आणि मला पहिल्याच ओळीत कळलं, की बाई बरोबर होत्या. सकाळचं ते गोड गोड सगळं गळून पडलं होतं. पण ऐकायला मी मोकळी कुठे होते! माझं सगळं लक्ष तारांकडे. सरकली का? आता सरकली का? मधला उन्हाचा भाग गेला, पहिली सुरावट परत आली, व्हायोलिनवाल्यांचा वरचा एक सूर डळमळला आणि सावरला. शेवटचं पान आलं. 

त्या तुकड्याच्या अगदी शेवटी, सगळं थांबल्यावर, पियानोत तळाचा एक डी-फ्लॅट आहे. इतका खालचा, की आमच्या बासची जाड तार उतरवूनसुद्धा तो मिळत नव्हता. आमच्यापैकी कुणाकडेच तो नव्हता. म्हणून मी तो काढून टाकून वरच्या सप्तकातला लिहिला होता. अशा वेळी तसंच करतात.

डॉक्टरांची काठी हवेत होती, आमचे गज टोकाला आले होते, आवाज विरत होता, आणि खालून तो सूर आला. हॉलच्या फरशीतून आल्यासारखा.  डॉक्टरांनी मान वळवली नाही, पण काठी खाली आणली नाही. आम्ही एकेक करून गज उचलले. तो सूर राहिला. झटक्यानंतर बाईंचा उजवा पाय पेडलपर्यंत पोचत नव्हता, नुसतं बोट दाबून धरलं होतं त्यांनी, आणि सूर पार संपेपर्यंत ते उचललं नाही.

मग टाळ्या झाल्या, लोक उभे राहिले, ब्रिट्टो मागे नाक पुसत होते, लिलीमावशी उघड उघड रडत होत्या. मी व्हायोला खुर्चीवर टाकला आणि पियानोकडे धावले. बाई माझ्याकडे बघत होत्या, चांगल्याच संतापून.

“तो सूर गाळलास?” टाळ्यांवरून त्या ओरडल्या.

“बाई, आमच्याकडे तेवढं खालचं वाद्य नाही हो! तो वाजवणारं कुणी नाही!”

“कुणी नाही म्हणजे?” बाई म्हणाल्या. “मी आहे ना.”